आधी डावा गाल

लोकूमलचं गिऱ्हाईक ओळखायचं तर माणसाभोवती एक फेरी मारावी लागे. डावीकडून पाहावं तर गाल नितळ, नुकता धुतल्यासारखा. उजवीकडे जावं तर त्याच माणसाच्या तोंडावर डागच डाग. कॅम्प नंबर तीनच्या बाजारात अशी अर्धी उरकलेली माणसं त्या काळी हमखास भेटत. एक भाजीवाली होती. बटाटे तोलायला डावीकडून समोर आली की पंचविशीची वाटे, आणि मिरच्या शोधायला वळली की चाळिशीची. पापड विकणारा एक जण तर डाव्या अंगाने स्वतःचाच धाकटा भाऊ दिसायचा. नवखा माणूस बावचळून जाई. आम्हाला मात्र कळायचं, हे लोकूमलच्या हातचं काम आहे आणि अजून निम्मं बाकी आहे.

आज मी हे मजेनं लिहितोय; पण बरीच वर्षं कुणी माझ्यासमोर लोकूमलचं नाव काढलं की मी विषय बदलत असे. का, ते पुढे येईलच. लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. न लपवण्यात एवढा आराम असतो हे आधी ठाऊक असतं, तर मी इतकी वर्षं थांबलो नसतो.

फाळणीनंतरची ती वर्षं. महायुद्ध संपून लष्कर गेलं, मागे बराकी राहिल्या, आणि त्या बराकींत सिंधहून आलेली माणसं येऊन भरली. कल्याण कॅम्पला उल्हासनगर हे नाव मिळालं होतं, पण ते पत्राच्या पाकिटावर लिहायचं, तोंडात कॅम्पच. एकेका बराकीत दहा-बारा संसार, मध्ये गोणपाटाचे पडदे. अशाच एका बराकीच्या टोकाच्या खोलीत लोकूमल एकटा राहायचा. दारावर त्यानं स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘चेहरा साफ. डाग, वांग, पुटकुळ्या.’ आणि त्याखाली, इतर सगळ्या अक्षरांहून मोठ्या अक्षरांत: ‘गोरा करत नाही.’

या शेवटच्या ओळीवर त्याची रोज भांडणं होत. लोक यायचेच मुळी गोरं व्हायला. लोकूमल त्यांना स्टुलावर बसवायचा, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग डोळ्याला लावायचा, गाल नीट बघायचा आणि म्हणायचा, “साईं, रंग उपरवाल्याचा. डाग उन्हाचा. उन्हाचं काम मी पुसतो. उपरवाल्याच्या कामात हात नाय घालत.” एका मुलीच्या बापानं फारच हट्ट धरला, तेव्हा लोकूमलनं त्या मुलीच्या गालाकडे दहा मिनिटं भिंगातून पाहिलं आणि बापाला सांगितलं की हिच्या चेहऱ्यावर काढण्यासारखं काहीच नाही, तुमच्या नाकावर मात्र आहे, बसा. बाप रागानं गेला. मुलगी जाताना हसत होती, हे मी स्वतः पाहिलंय.

वयानं तो पन्नाशीचा असेल. काटकुळा, कायम पांढरा लेंगा, चष्म्याची एक काडी सुतळीची. माणसाच्या डोळ्यांत तो कधी बघत नसे. त्याची नजर थेट गालावर पडायची आणि तिथेच मुक्काम करायची. लोक एकमेकांना ‘काय, बरं आहे ना’ विचारतात, तसं तो ‘गाल कसे आहेत’ विचारायचा. नावं त्याच्या लक्षात राहत नसत. डागांच्या आकारावरून तो माणसांना हाक मारी. एका बाईच्या कपाळावर बोटीसारखा डाग होता, ती त्याची बोटवाली माई. एका हवालदाराला तो केळं म्हणायचा, आणि हवालदार ऐकून घ्यायचा. मला पहिल्याच दिवशी त्यानं कबूतर ठरवलं. “दोन्ही बाजूला एक एक कबूतर बसलंय, साईं. डावं झोपलंय, उजवं उडायला निघालंय.”

आणि या माणसाचा स्वतःचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. मी एकदा न राहवून विचारलं की बाबा रे, स्वतःचं का नाही करत. तो म्हणाला, करताना डोळे मिटावे लागतात, आणि डोळे मिटले तर गाल दिसणार कसा? दुसऱ्या कुणाच्या हातावर त्याचा भरवसा नव्हता. असा कुणी दुसरा त्याला होता, असंही नाही.

ही विद्या त्याला कराचीत मिळाली होती. तिथल्या एका गोऱ्या डॉक्टरकडे तो अठरा वर्षं कंपाउंडर होता. हिंदुस्थानच्या उन्हानं मडमांच्या नाकावर तांबूस ठिपके उमटत आणि त्या रडकुंडीला येत. डॉक्टर त्यांचे चेहरे सोलून द्यायचा. सोलायचा म्हणजे चाकूनं नव्हे. औषध लावायचं, वरची पातळ कातडी आपोआप सुटून येते, खालून नवी निघते. मिश्रण करायचं काम लोकूमलचं. पुढे डॉक्टर एका बोटीनं विलायतेला गेला आणि लोकूमल दुसऱ्या बोटीनं मुंबईला आला. येताना त्यानं भिंग आणि औषधांच्या मापांची एक वही, एवढंच आणलं. इतरांनी दागिने आणले, सोनं आणलं, कुणी तर चक्क हिंदोळा सुटा करून आणला. लोकूमलला त्याबद्दल कुणी हिणवलं तर तो म्हणे, “माझं सामान लोकांच्या तोंडावर असतं. इथे आल्यावर मिळालं.”

मी तेव्हा अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात रसायनांच्या कोठारावर कारकून होतो. एकोणतिसावं सरत आलं होतं. आईवडील नव्हते, एक आत्या होती, तीच माझ्या लग्नाचं बघायची. आणि लग्न जमत नव्हतं. दोन्ही गालांवर वांग, काळपट, पसरलेलं, म्हणजे लोकूमलची कबुतरं. पहिल्या ठिकाणाहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. दुसऱ्या ठिकाणाहूनही तेच. तिसऱ्या ठिकाणच्या मंडळींनी मात्र मध्यस्थाकडे सरळच विचारलं की मुलाच्या कातडीला काही आजार तर नाही ना? मध्यस्थानं ते आत्याला सांगितलं, आत्यानं मला. त्यानंतर मी दाढी करताना आरसा अगदी छोटा वापरू लागलो, हनुवटीपुरता.

शेवटी एका रविवारी सायकल काढली आणि कॅम्पात गेलो. कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून आडवाटेनं गेलो, तर अर्ध्या वाटेत सायकलची चेन पडली आणि काळ्या हातांनी लोकूमलच्या दारात उभा राहिलो. त्यानं हात बघितलेच नाहीत. भिंग लावलं, कबुतरं मोजली आणि म्हणाला, “आधी डावा गाल.”

त्याची ही रीतच होती. आधी डावा, तीन आठवड्यांनी उजवा. कितीही मोठा माणूस असो, कितीही घाई असो, दोन्ही गाल एका दिवशी नाहीत म्हणजे नाहीत. कारण विचारलं तर दर वेळी वेगळं सांगायचा. एकाला म्हणे औषध मानवतं का ते बघायला हवं, दुसऱ्याला म्हणे तुलना नको का करायला. हवालदाराला त्यानं सांगितलं होतं की डावी बाजू मुद्देमाल आणि उजवी बाजू साक्षीदार.

औषध लावतानाचा सोहळा बघण्यासारखा असे. काडीला कापूस गुंडाळायचा, बाटलीत बुडवायचा, बाटलीच्याच काठाला दाबून निथळायचा. मग गालावर एकच हात, भिंतीला चुना देतात तसा, आणि मोठ्यानं आकडे मोजायला सुरुवात. गाल पेटतो. मिरची पूड उडाल्यासारखं होतं. मग लोकूमल ताडाचा पंखा घेऊन वारा घालू लागे आणि गोष्ट सांगू लागे. गोष्टी सगळ्या विनोदी, त्या गोऱ्या डॉक्टरच्या आणि मडमांच्या. आणि गिऱ्हाईक हसलं की हा रागवायचा. “हसू नका. गाल तडकतो. सांगितलं ना हसू नका.” आणि लगेच पुढची गोष्ट. मी एकदा म्हटलं, मग सांगता कशाला? तर म्हणाला, तुमचं लक्ष जळण्याकडे जाऊ नये म्हणून. मग हसायचं नाही तर करायचं काय? “ऐकायचं. सभ्य माणसासारखं.”

गाल आधी पांढरा पडतो, मग तपकिरी होतो, आणि चौथ्या दिवशी कडेनं सुटायला लागतो, जुन्या भिंतीचा पोपडा सुटतो तसा. नखानं ओढायचा नाही. ऊन लागू द्यायचं नाही. त्यासाठी लोकूमलनं मला स्वतःची छत्री दिली होती, आणि भर थंडीत, डोक्यावर ढग नाही, अशा दिवसांत मी ती डाव्या खांद्यावर धरून कारखान्यात जायचो. साहेबानं विचारलं तेव्हा सांगितलं की डॉक्टरनं सांगितलंय. खोटं बोलायची सुरुवात अशी सोपी असते.

दहाव्या दिवशी डावं कबूतर गेलं होतं. मी मोठा आरसा विकत आणला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात बदलापूरचं स्थळ सांगून आलं. मुलीचे वडील नाना करंदीकर, कॅम्पच्या कचेरीत हेडक्लार्क, मनानं मोकळे, फार चौकशा न करणारे. मुलगी सुमन. येत्या रविवारी या म्हणाले. मी आत्याला म्हटलं दोन आठवडे थांबू. आत्या म्हणाली तुझ्यासाठी मुलगी थांबेल, तिची आई थांबणार नाही.

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. करंदीकरांच्या बाहेरच्या खोलीत शिरलो आणि पहिल्यांदा हिशेब केला की उजवा गाल भिंतीकडे जाईल अशी खुर्ची कोणती. ती नानांची होती. मी वारा लागतो म्हणून ती मागून घेतली. नाना म्हणाले, घ्या की, पण वारा तर तिथंच जास्त येतो. बसलो. भिंतीवर कॅलेंडर होतं. आतल्या दारातून कुणीही आलं की मी कॅलेंडरकडे वळायचो आणि डावा गाल खोलीला द्यायचो. सुमन पोहे घेऊन आली. तिनं ताटली पुढे केली, मी कॅलेंडरकडे बघत घेतली. शिक्षण काय, विणकाम येतं का, हे सगळं मी कॅलेंडरला विचारलं आणि उत्तरं खोलीतून आली. परतीच्या वाटेवर आत्यानं एवढंच विचारलं की त्या महिन्यात एवढं काय होतं.

चार दिवसांनी होकार आला. साखरपुड्याची तारीख ठरली. मी सायकलवर टांग टाकली आणि उजवा गाल घेऊन लोकूमलकडे गेलो.

उजव्या गालाचा पोपडा निघून गेल्यावर शेवटचं दाखवायला गेलो त्या दिवशी त्यानं चहा केला. चहा तो वेलदोडा घालून, एवढा उकळून करायचा की चमचा उभा राहावा. तीन-चार आठवड्यांत त्या चहाची मला सवय लागली होती. मी खुशीत होतो. म्हटलं, आता तरी खरं सांगा, दोन्ही गाल एकदम का नाही करत? बाटल्या तर तुम्ही डोळे झाकून भरता.

त्यानं माझा कप पुन्हा भरला आणि आपला उचलला. मग म्हणाला की शिंप्याचं गिऱ्हाईक कोट घालून गावभर शिंप्याचं नाव सांगतं. सोनाराचंही तसंच. “माझं काम जमलं की गिऱ्हाईक म्हणतं, माझा गाल पहिल्यापासून असाच आहे. बाजारात मला बघून पलीकडे जातं. दोन्ही गाल एकदम केले तर तुम्ही परवाच ओळख विसराल. एक गाल बाकी असला की तीन हप्ते येता. बसता. चाय पिता.” त्यानं कप खाली ठेवला. “एकटा माणूस आहे, साईं. तीन हप्ते काही कमी नसतात.”

मी म्हटलं, मी तसा नाही. त्यावर तो म्हणाला की सगळेच असं म्हणतात, पण तुम्हीही म्हटलंत, बरं वाटलं.

पंधरा दिवसही गेले नसतील. साखरपुडा होऊन गेला होता आणि मी जावईपणाच्या पहिल्या उमेदीत होतो. एका सकाळी नाना अंबरनाथला माझ्या खोलीवर आले. म्हणाले, वसंतराव, तुमच्या विद्येचं काम पडलंय. कॅम्पात कुणी एक माणूस आहे, लोकांच्या तोंडाला काहीतरी लावतो. कुणाचा तरी गाल भाजला; घरच्या घरीच कसलंसं औषध लावलं असेल, पण नाव याचं सांगितलं. तक्रार आली आहे. साहेबांनी चौकशी माझ्याकडे दिली. तुम्ही रसायनांत वावरता, बाटल्या बघून सांगा, माझा कागद पुरा होईल.

 काही कारण काढून टाळायला हवं होतं. पण नाना ‘आमचे जावई’ म्हणाले होते, आणि ते ऐकायला गोड लागलं होतं. गेलो.

लोकूमल एका बाईच्या कपाळाला वारा घालत बसला होता. दारात आम्ही दोघं उभे. त्यानं आधी नानांच्या हनुवटीकडे पाहिलं, मग माझ्या गालांकडे. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग उठला आणि दोघांपुढेही सारखंच झुकून म्हणाला, आइए साहिब. मला जन्मात प्रथम पाहत असल्यासारखा. दोन स्टुलं पुसून दिली.

नाना सज्जन. त्यांना त्या माणसाचं काही वाईट करायचं नव्हतं. ते म्हणाले, हे बघा, मला एक शहाणासुरता माणूस दाखवा. तो म्हणू दे की याच्या औषधानं मला गुण आला, अपाय झाला नाही. मी तसा शेरा मारतो आणि तुमचं दुकान चालू राहतं. नाहीतर पाटी काढावी लागेल.

“गिऱ्हाईक खूप आहेत, साहिब,” लोकूमल म्हणाला. “पण मी नाव घेत नाही. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील.”

 त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला त्या वेळीही कळत होतं. सांगायची जागा त्यानं माझ्यासाठी मोकळी सोडली होती. पडद्यापलीकडे कुणीतरी पापड लाटत होतं, त्या लाटण्याचा आवाज तेवढा येत होता. मी बोलावं, एवढंच हवं होतं. ‘नाना, हा गाल यांनी केलाय.’ पाच शब्द. पण त्या पाच शब्दांमागे कॅलेंडर होतं, खुर्ची होती, वारा लागतो म्हणून सांगितलेलं खोटं होतं, आणि मोडलेलं लग्न होतं. असं मला वाटलं.

नानांनी टेबलावरची बाटली माझ्या हातात दिली. मी ती उजेडात धरली. हलवली. बूच काढून वास घेतला. तो वास मला माझ्या स्वतःच्या दोन्ही गालांमुळे पाठ होता. मी म्हणालो, “आम्ल आहे हे, नाना. तोंडाला लावायची वस्तू नव्हे.”

लोकूमलनं मान हलवली. “साहिब शिकलेले आहेत. बरोबर सांगत असतील.”

पाटी त्यानं स्वतःच काढली. खिळे उपटताना एक वाकडा झाला, तो त्यानं दगडावर ठेवून सरळ केला आणि डबीत टाकला. जाताना नाना मला म्हणाले, माणूस तसा गरीब वाटला हो. मी म्हटलं, हो.

लग्न झालं. संसार सुरू झाला, दोन मुलं झाली, कोठाराचा मी मुख्य झालो. सगळं चांगलं झालं आणि त्यातलं काही मला नीट पचलं नाही. आठ वर्षं मी कॅम्प तीनच्या बाजारात पाऊल टाकलं नाही. सुमन म्हणायची, कापड तिकडे चांगलं मिळतं. मी म्हणायचो, गर्दी असते. एकदा स्टेशनवर तो लांबून दिसला, तर मी वजनाच्या यंत्रामागे जाऊन उभा राहिलो, आणि उभाच आहे म्हणून वजनही केलं.

तो काय करतो ते मात्र कानावर येत होतं, आणि तेही नानांमुळेच. लोकूमलनं गाल सोडून पाय धरले होते. तेच औषध, तीच काडी, तोच कापूस. पण आता टाचेच्या भेगा, तळव्याच्या भोवऱ्या. पायाला आम्ल लावलं तर कचेरीची हरकत नव्हती. पायाची तक्रार कुणी करत नाही. नाना निवृत्त झाले होते आणि त्यांच्या तळव्याला जुनी भोवरी होती, चालताना खडा टोचल्यासारखी. कुणाच्या तरी सांगण्यावरून ते लोकूमलकडे गेले आणि महिनाभरात बदलापूरच्या टेकडीवर फिरायला जाऊ लागले. मग काय, ज्याला त्याला लोकूमलचं नाव.

एका रविवारी ते आमच्याकडे जेवायला होते. ताकभात कालवता कालवता त्यांना लोकूमलची आठवण झाली. म्हणाले, “काय हात आहे त्या माणसाचा. वसंतराव, खरं सांगतो, त्या दिवशी तुम्ही नसतात तर मी त्याला सोडून दिलं असतं. तुम्ही म्हणालात म्हणून लिहिलं.”

 मला वाटतं, कुणी रागानं बोललं असतं तर मी गप्प बसलो असतो. नाना माझ्यावरच्या विश्वासानं बोलत होते. मी म्हटलं, नाना, मी खोटं बोललो. आणि मग सगळंच सांगितलं. कबुतरं, छत्री, आधी डावा गाल, खुर्ची, कॅलेंडर, बाटली. ताटात बघत सांगितलं. सांगून झालं तेव्हा भात वाळला होता.

पहिल्यांदा सुमन बोलली. “पोहे घेऊन मी दारात आले तेव्हा तुम्ही समोर बघत होतात,” ती म्हणाली. “तुम्ही वळण्याआधीच पाहिलं होतं मी.”

मी विचारलं, मग हो का म्हणालीस?

“गालावर डाग आहेत म्हणून नाही म्हणायचं असतं का? आणि तुम्ही इतके घाबरला होतात, म्हटलं हा माणूस आपल्याला काय दटावणार.” तिनं माझ्या पानात ताजा भात वाढला. “पुढे डाग गेले. म्हटलं, सांगतील कधीतरी. आठ वर्षं लावाल असं नव्हतं वाटलं.”

म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी एका माणसाचं दुकान बंद पाडलं, ती गोष्ट धोक्यात नव्हतीच. हसावं की रडावं ते कळेना. बहुधा दोन्ही झालं, कारण धाकटीनं आईला विचारलं की बाबांना ठसका लागला का.

नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी ताकाची वाटी खाली ठेवली, हात धुतले, पुसले आणि कागद व दौत मागितली. कचेरीच्या साहेबांच्या नावे अर्ज त्यांनी स्वतः लिहिला: पूर्वी दिलेला शेरा चुकीच्या माहितीवर होता, माहिती देणाऱ्यानं स्वतः या इसमाकडून दोन्ही गालांवर उपचार घेतले होते, त्यास गुण आला, अपाय झाला नाही. खाली माझी सही. “वाचता येईल अशी करा,” ते म्हणाले. “आणि माझ्यापाशी बोलून भागत नाही. जाऊन त्याला सांगा. चारचौघांत सांगा, चारचौघांतच नाकारलं होतंत.”

पुढच्या रविवारी गेलो. या खेपेला बाजाराच्या मधून गेलो. दार उघडं होतं आणि आत पायच पाय होते, स्टुलांवर ठेवलेले, पाटावर ठेवलेले, एका म्हातारीचे तर दोन उशांवर. सगळे मोठमोठ्यानं गप्पा मारत होते आणि प्रत्येक जण लोकूमलला काहीतरी सांगत होता. तो खाली बसला होता, चष्म्याच्या दोन्ही काड्या आता सुतळीच्या झाल्या होत्या. मान वर न करता म्हणाला, बूट काढा साईं.

मी म्हटलं, पायासाठी नाही आलो. त्यानं मान वर केली.

मी अर्ज काढला आणि उभ्यानंच वाचू लागलो. ‘दोन्ही गालांवर’ हे शब्दही न गाळता वाचले. खोलीतल्या गप्पा थांबल्या. शेवटी अर्जात नसलेलं एक वाक्य मी माझं घातलं. “हा चेहरा यांनी केलाय. मी त्या दिवशी घाबरलो आणि खोटं बोललो.”

लोकूमलनं हातातली काडी बाटलीत ठेवली. मग उशांवर पाय ठेवलेल्या म्हातारीकडे बोट करून म्हणाला, “परत वाचा. माईला कमी ऐकू येतं.”

मी परत वाचलं, मोठ्यानं. माईनं सगळं ऐकून मान डोलवली आणि सिंधीत काहीतरी म्हणाली, त्यावर सगळे हसले. लोकूमलनं कागद घेतला, घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. मी विचारलं, चेहऱ्याचं पुन्हा सुरू करणार का? तो म्हणाला, बघू, पायवाले फार चांगले लोक आहेत, परत येतात.

मग त्यानं फडक्याला हात पुसले, भिंग डोळ्याला लावलं आणि माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. बोटानं माझा उजवा कान जरा दुमडला.

“हे बघा. कानाखाली एवढंसं राहिलंय. त्या दिवशी तुम्ही बाटली बघत होता, मी हे बघत होतो.” त्यानं कान सोडला. “सांगायचं होतं, साईं. पण आपली ओळख नव्हती ना.”

 त्यानं स्टूल पुढे सरकवलं, काडीला कापूस गुंडाळला आणि मी बसलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात साहेबांनी विचारलं की कानाखाली हे तपकिरी काय झालंय. मी त्यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं नव्हतं तरी लोकूमलची बराक कशी सापडते तेही सांगितलं, आणि नीट कळावं म्हणून कागदावर नकाशा काढून दिला.